चित्रावर सही करण्याआधी फॉल्स सीलिंगच्या वरचा नकाशा मागा

जुन्या कार्यालयांचं नूतनीकरण हाती घेणाऱ्या सर्व संचालक मंडळांना आणि प्रशासन विभागांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

आपल्या टेबलावर सध्या गुळगुळीत कागदावर छापलेली त्रिमिती चित्रं असतील. उंच काचा, हिरव्या वेली, लाकडी पायऱ्यांवर लॅपटॉप घेऊन बसलेली हसरी माणसं. अंधाऱ्या केबिनच्या रांगा, पिवळट ट्यूबलाइट आणि फायलींनी गच्च भरलेली कपाटं जाऊन हे सगळं येणार, या कल्पनेनं कुणालाही आनंद होईल. आम्हालाही होतो. पण त्या चित्रांवर सही करण्याआधी दोन कागद मागवून घ्या, एवढ्यासाठी हे पत्र आहे. पहिला कागद म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला किती माणसं खरोखर जागेवर बसलेली असतात याचा तक्ता. दुसरा म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वरून काय काय जातं आणि त्यातलं काय कुठं हलवणार हे दाखवणारा नकाशा. हे दोन्ही नसतील तरी चित्रातलं ऑफिस उभं राहील. पण वापर सुरू झाला की बुधवारसारख्या गर्दीच्या दिवशी बसायला जागा नसेल, बैठकीच्या खोलीत तासाभरात डोकं जड होईल आणि शेजारच्या माणसाचं बोलणं आपल्या कॉलमध्ये ऐकू जाईल.

आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करणारा माणूस आता रोज तुलना करतो. घरी त्याला एक दार लावून घेता येतं, एक खिडकी असते. ऑफिसात येऊन त्याला दिवसभर हेडफोन लावून कॉलवरच बसायचं असेल आणि तेही गोंगाटात, तर सोफ्याचा रंग कोणताही असला तरी तो यायला कंटाळेल.

सुरुवात तक्त्यापासून करू. दारावरच्या कार्डाची नोंद त्यासाठी पुरत नाही. माणूस इमारतीत आला, एवढंच ती सांगते. दोन तासांच्या बैठकीपुरता आलेला आणि दिवसभर टेबलाशी बसलेला, असे दोघेही तिथं सारखेच दिसतात. सुट्ट्यांनी मोडलेले आठवडे सोडून किमान सहा आठवडे, रोज सकाळी ११ आणि दुपारी १, ३ व ५ वाजता मजल्यावर फिरून मोजणी करा. टेबलाशी किती, बैठकीत किती, हेडफोन लावून कॉलवर किती, आणि जिन्यात किंवा व्हरांड्यात फोन घेऊन उभे किती. ही शेवटची संख्या फार बोलकी असते. बंद कॉल-खोल्या किती हव्यात हे तीच सांगते.

समजा, पटावर १२० माणसं आहेत आणि सोमवार ते शुक्रवार एका वेळी जास्तीत जास्त ४०, ७४, ७८, ६६ आणि ३० माणसं आढळली. सरासरी येते ५८. त्या सरासरीवर टेबलं मांडली, तर आठवड्यातले तीन दिवस टेबलं कमी पडतील आणि बुधवारी २० माणसं लॅपटॉप हातात घेऊन जागा शोधत फिरतील. हिशेब ७८ चा धरायचा आणि वर दहा टक्के जागा मोकळी राहील असं बघायचं, म्हणजे ८७ टेबलं. ही दहा टक्के चैन नव्हे. मजला भरत आला की उरलेली टेबलं इथं एक, तिथं एक अशी विखुरलेली असतात आणि चौघांना एकत्र बसायचं असलं तरी बसता येत नाही. अर्थात, विभागांचे दिवस वाटून बुधवारचा भार सोमवारकडे सरकवता येत असेल, तर तो प्रयत्न आधी करा. एका सूचनापत्रानं जे साधतं त्यासाठी टेबलं विकत घेऊ नयेत.

सगळ्यांचीच टेबलं सामायिक करण्याचा हट्टही धरू नका. ज्यांना शारीरिक कारणानं ठरावीक खुर्ची-टेबल लागतं आणि ज्यांचं काम दोन-तीन पडदे (मॉनिटर), कागदपत्रं किंवा खास यंत्रांशी बांधलेलं आहे, त्यांची जागा कायम ठेवा. बाकीच्या प्रत्येकाला कुलपाचा कप्पा द्या. आत लॅपटॉप, बॅग आणि हेल्मेट मावलं पाहिजे. कप्पा बुटाच्या खोक्याएवढाच निघाला, तर सामान टेबलावर राहतं आणि सामायिक टेबल महिन्याभरात पुन्हा कुणाचं तरी होऊन बसतं.

आता उजेड. ट्यूबलाइट काढून एलईडी पॅनल लावलं म्हणजे ऑफिस उजळलं, असं होत नाही. डोळ्याला जागा उजळ वाटते ती भिंती आणि छत उजळ असल्यामुळे. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ५०० लक्स हा युरोपीय मानकातला आणि इतरत्रही रूढ असलेला आकडा आहे. दिव्यातून निघणारा प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात, आणि चौरस मीटरला एक ल्युमेन म्हणजे एक लक्स. म्हणून १०० चौरस मीटरला ५०,००० ल्युमेन लागतील, हे झालं कागदावर. प्रत्यक्षात दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश टेबलावर पोचत नाही. पांढरं छत आणि फिक्या भिंती असल्या तर साधारण ०.६ भाग पोचतो, आणि धूळ व दिव्यांचं वय यांच्यासाठी आणखी ०.८ नं गुणावं लागतं. म्हणजे १,०४,००० ल्युमेन, ४,००० ल्युमेनच्या २६ फिटिंग. तेच छत काळं आणि भिंती गडद केल्या की ०.६ चे ०.४५ होतात आणि फिटिंग लागतात ३५. फॉल्स सीलिंग काढून वरचे डक्ट (हवेच्या नळ्या) आणि पाइप काळे रंगवायची पद्धत सध्या फार आवडीची झाली आहे. ती कायमचं वीजबिल वाढवते. आवाजाचं ती काय करते, ते पुढं सांगतो.

दिवे विकत घेताना तीन गोष्टी लेखी मागा. चकाकीचा निर्देशांक, म्हणजे यूजीआर, १९ किंवा कमी. रंगदर्शन, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक, ८० किंवा जास्त. आणि ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाचा, फ्लिकर (लुकलुक). स्वस्त ड्रायव्हर वीजपुरवठ्याच्या दुप्पट वारंवारितेनं लुकलुकतो. डोळ्याला ते जाणवतंच असं नाही, पण व्हिडिओ कॉलमध्ये चेहऱ्यावरून काळे पट्टे सरकताना दिसतात. मग कॅमेरा बदलला जातो आणि पट्टे तसेच राहतात.

दिवसाचा उजेड तर फुकटचा, पण आपल्याकडे तो पिढ्यानपिढ्या केबिनला वाहिलेला. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून उंची जितकी, त्याच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत उपयोगी उजेड पोचतो. २.४ मीटर उंचीच्या खिडकीचा हा पट्टा ३.६ ते ४.८ मीटरचा. या पट्ट्यात टेबलं ठेवा. कपाटं, सर्व्हर, प्रिंटर आणि क्वचित वापरायच्या खोल्या आत, मजल्याच्या गाभ्याकडे न्या. टेबलं अशी लावा की खिडकी माणसाच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. पाठीशी आली तर पडद्यावर चमकते, समोर आली तर डोळे दिपतात. खिडकीजवळच्या दिव्यांच्या रांगेला वेगळं सर्किट आणि वेगळं नियंत्रण द्या, नाहीतर भर दुपारी तीही रांग पूर्ण जळत राहते. फॉल्स सीलिंग खिडकीच्या वरच्या कडेच्या खाली उतरलं असेल, तर निदान खिडकीलगतचा मीटरभर भाग वर उचलून घ्या.

हवेचा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण एसी चालू असतो. पण भिंतीवरचा किंवा छतातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची हवा आणत नाही. हिशेब करून बघा. ५ बाय ४ मीटरची, २.७ मीटर उंचीची खोली म्हणजे ५४ घनमीटर हवा. बसून बोलणारा माणूस तासाला साधारण १८-१९ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो; आठ जणांचा झाला १५० लिटर. दार बंद आणि ताजी हवा शून्य असेल, तर एका तासात त्या खोलीतलं प्रमाण सुमारे २,८०० पीपीएमनं (दहा लाख भागांत २,८०० भागांनी) वाढतं. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळाली, तर खोली ९५० च्या आसपास स्थिरावते. म्हणजे आठ जणांच्या खोलीला ८० लिटर. ही हवा त्या खोलीपर्यंत कोणत्या डक्टनं येणार, हे दुसऱ्या कागदावर दिसलं पाहिजे.

इथंच जुन्या मजल्यावर नव्या भिंती उभ्या करताना सगळ्यात जास्त चुका होतात. पार्टिशन हललं, पण वरची ग्रिल (हवा सोडणारी जाळी), थर्मोस्टॅट, धूरशोधक आणि स्प्रिंकलर होते तिथंच राहिले. थर्मोस्टॅट एका खोलीत आणि त्याची ग्रिल दुसऱ्या खोलीत, असं झालं की एक खोली गारठते आणि दुसरी उकडते. तक्रार मात्र एसीच्या मशीनची होते. नव्या कॉल-खोलीवर स्प्रिंकलरच येत नाही, किंवा एका स्प्रिंकलरच्या पुढ्यातच भिंत उभी राहते. तयार मिळणाऱ्या बंद फोन-पेट्यांना आग आणि हवेचे नियम लागू होतात की नाही, हे अग्निशमन खात्याकडून खरेदीआधी लेखी घ्या. दोन घनमीटरच्या पेटीत पंखा बंद पडला, तर एकटा माणूसही काही मिनिटांत गुदमरायला लागतो.

आता आवाज. सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच येतात, आणि चित्रात नेमका हाच दिसत नाही.

मोकळ्या मजल्यावर त्रास होतो तो शब्द कळण्याचा. मशीनची घरघर मेंदू सोडून देतो. समजणारं वाक्य सोडून देता येत नाही. चांगल्या जागेत अंतर दुप्पट झालं की बोलण्याचा आवाज ७ डेसिबल किंवा त्याहून जास्त घटतो, वाईट जागेत ५ पेक्षाही कमी. आयएसओ ३३८२ भाग ३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१२ सालच्या आवृत्तीत हीच मोजपट्टी दिलेली होती. ही घट मिळते ती मुख्यतः छतामुळे, कारण टेबलाटेबलांमधली पडदी ओलांडून आवाज छतावर आदळून पलीकडे उतरतो. म्हणून ०.९ च्या जवळपास शोषण असलेलं, म्हणजे आदळलेल्या आवाजाचा दहापैकी नऊ भाग गिळणारं, छत हवं. छत उघडंच ठेवायचं असेल, तर त्याखाली शोषक पट्ट्या किंवा तक्ते टांगा, आणि त्यांचं क्षेत्रफळ मजल्याच्या निम्म्याहून जास्त धरा. चार शोभेचे तक्ते लावून काही होत नाही. टेबलांमधली पडदी १.३ मीटरच्या आसपास ठेवा. बसलेल्या माणसाचं तोंड आणि कान साधारण १.२ मीटरवर असतात. त्याहून खूप उंच केली तर आतल्या टेबलांचा उजेड जातो. पडद्या खिडकीला काटकोनात उभ्या केल्या, तर दोन्ही साधतं.

बंद खोलीचं गणित वेगळं. तिथं दोन प्रश्न असतात: आतला आवाज बाहेर जातो का, आणि आत घुमतो का. पहिल्या प्रश्नावर खर्च करूनही फसवणूक होते ती फटींमुळे. चार मीटर लांब, २.७ मीटर उंच काचेची भिंत म्हणजे १०.८ चौरस मीटर. त्यात बिनचौकटीचं काचेचं दार, भोवती एक सेंटिमीटरची फट. फटीचं क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर, म्हणजे भिंतीच्या अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. एवढ्याशा फटीमुळे काच कितीही जाड घेतली तरी ती भिंत २२-२३ डेसिबलच्या पुढं आवाज अडवू शकत नाही. पगारवाढीची चर्चा बाहेरच्या टेबलावर ऐकू येते ती यामुळे. दाराला चौकट, चारही बाजूंनी रबर आणि खाली आपोआप उतरणारी पट्टी लागते. दुसरी फट दिसतच नाही: भिंत फॉल्स सीलिंगला टेकून थांबते आणि वरून दोन खोल्यांची पोकळी एकच असते. भिंत मूळ स्लॅबपर्यंत नेली पाहिजे, आणि ती ओलांडणाऱ्या डक्टला आतून अस्तर दिलं पाहिजे.

घुमण्याचा हिशेब ध्वनिशास्त्रज्ञ साबिन यांच्या सूत्रानं मांडता येतो. ५४ घनमीटरच्या त्या खोलीत आवाज विरायला अर्धा सेकंद लागावा असं वाटत असेल, तर ०.१६१ गुणिले ५४ भागिले ०.५, म्हणजे सुमारे १७.४ चौरस मीटर शोषण हवं. वीस चौरस मीटरचं छत ०.९ शोषणाचं घेतलं की १८ होतात, हिशेब जमला. पण दोन समोरासमोरच्या भिंती काचेच्या असतील, तर आवाज त्या दोघींमध्ये आडवा खेळत राहतो आणि छताला सापडतच नाही. एका भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, ५० मि.मी. जाडीचा शोषक पट्टा लावावाच लागतो.

घरून जोडलेल्या माणसाला हा घुमणारा आवाज खोलीतल्यापेक्षा कितीतरी जास्त छळतो. खोलीत बसलेल्याला दोन कान आणि दिशेची जाण असते. मायक्रोफोनला ती नसते. म्हणून महागडा मायक्रोफोन घेण्याआधी खोली दुरुस्त करा.

काही जण खोलीत आणि काही घरून जोडलेले अशा संमिश्र बैठकांसाठी खोलीची मांडणीच बदलावी लागते. लांबट टेबल, टोकाला टीव्ही, त्यावर कॅमेरा अशी जुनी रचना ठेवली, तर घरच्या माणसाला पहिल्या दोघांचे कान आणि बाकीच्यांची कपाळं दिसतात. टेबल पडद्याकडे रुंद आणि मागं निमुळतं घ्या. पुढचे लोक बाजूला सरकतात आणि मागचे मधून दिसतात. कॅमेरा बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून १.१ ते १.३ मीटरवर, पडद्याच्या शक्य तितका जवळ. दोन पडदे असतील तर एकावर माणसं, दुसऱ्यावर कागद. पडद्याचं माप भिंतीवर काय शोभतं यावरून ठरवू नका. आकडेमोडीचे तक्ते वाचायचे असतील, तर सगळ्यात मागचा माणूस पडद्याच्या उंचीच्या चौपट अंतराच्या आत हवा. ५५ इंची पडदा ६८ सेंटिमीटर उंच, म्हणजे २.७ मीटरपर्यंत, ७५ इंचीला ३.७ मीटर. खिडकी लोकांच्या पाठीशी येऊ देऊ नका, चेहरे काळे पडतात. आणि मोठ्या खोल्या कमी करा. बारा जणांच्या खोलीत तिघंच बसलेत आणि एकटा माणूस कॉलसाठी जागा शोधतोय, हे आपल्या मोजणीतही दिसेल. एकट्याच्या आणि चौघांच्या खोल्या वाढवा. आरक्षण केलेली खोली पंधरा मिनिटांत कुणी वापरायला घेतली नाही, तर ती आपोआप मोकळी झाली पाहिजे.

वायरिंगबद्दल थोडक्यात. चाकं लावलेलं टेबल हलतं ते त्याची वायर पोचते तेवढंच, म्हणून लवचीकतेचा खर्च आधी जमिनीत किंवा छतात करा आणि मग चाकांवर. वीज आणि डेटाचे बिंदू ठरावीक चौकटीत, सगळ्या मजल्यावर सारख्या अंतरानं द्या, आणि दिवे, ग्रिल व स्प्रिंकलर त्याच चौकटीत बसवा. मग पार्टिशन हलवताना छत फोडावं लागत नाही. उंची बदलणाऱ्या टेबलाची वायर वरच्या टोकाच्या उंचीला मोजून घ्या, नाहीतर टेबल वर जाताना सॉकेट उपटून नेतं. लॅपटॉपचे चार्जर आणि मॉनिटर प्रत्येकी थोडा थोडा करंट अर्थिंगला सोडत असतात. खूप टेबलं एकाच ३० मिलिॲम्पिअरच्या, गळती पकडणाऱ्या ब्रेकरवर जोडली, तर त्या गळतीची बेरीज होऊन काही बिघाड नसतानाही तो पडतो आणि अख्ख्या रांगेची वीज जाते. ही कायमची गळती ९ मिलिॲम्पिअरच्या आत ठेवा, म्हणजे सर्किटं जास्त करा.

नेटवर्कमध्ये अपलोडचा वेग बघा. ७८ जणांपैकी निम्मे एकाच वेळी व्हिडिओवर असले आणि प्रत्येकाला सेकंदाला ४ मेगाबिट धरले, तर एकट्या कॉलसाठी १६० मेगाबिट दोन्ही दिशांना लागतात. दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची आणि इमारतीत वेगळ्या वाटेनं येणारी घ्या. एकाच खड्ड्यातून आलेल्या दोन लाइन एकाच कुदळीनं तुटतात. धातूच्या छताच्या वर वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट लपवू नका.

कामाच्या क्रमात एकच आग्रह धरतो. काहीही तोडण्याआधी जुनी इमारत तपासून घ्या. काही दशकांपूर्वीच्या छताच्या तक्त्यांत, जमिनीच्या फरशांत, पाइपांच्या वेष्टनात ॲसबेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं, आणि ते फोडल्यावर कळणं म्हणजे उशिरा कळणं. फायलींची सरकती कपाटं हलवताना अभियंत्याला विचारा: कार्यालयाची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २५० ते ३०० किलोसाठी धरलेली असते आणि कागदांनी भरलेली ती कपाटं त्याच्या दुपटीच्या पुढं सहज जातात. मग पूर्ण मजला एकदम करू नका. १२-१५ टेबलं, एक चौघांची खोली आणि दोन कॉल-खोल्या असा एक कोपरा आधी पूर्ण करा, वेगवेगळे विभाग आळीपाळीनं तिथं सहा आठवडे बसवा, आणि त्यातून निघालेल्या चुका उरलेल्या मजल्यावर टाळा. शेजारी काम चालू असताना माणसं बसणार असतील, तर त्या बाजूच्या एसीचं हवा परत ओढणारं तोंड बंद करा, नाहीतर धूळ डक्टमधून सगळीकडे फिरते. अंदाजपत्रकात दहा ते पंधरा टक्के रक्कम राखून ठेवा. जुन्या छताच्या वर नकाशात नसलेलं काहीतरी निघतंच.

शेवटी कराराबद्दल. टेबलावरचे लक्स, बैठकीच्या खोलीचा घुमण्याचा वेळ, भिंतीची डेसिबलमधली अडवणूक, माणशी ताजी हवा आणि वाय-फायचा वेग, हे पाच आकडे ठेकेदाराच्या करारात लिहा. सगळी मोजणी रिकाम्या मजल्यावर उरकू नका. लक्स रात्री मोजा म्हणजे खिडकीचा उजेड मिसळणार नाही. हवा आणि वाय-फाय आठवड्यातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, खोल्या भरलेल्या असताना मोजा. बिलाचा शेवटचा दहा टक्के हप्ता त्या मोजणीच्या कागदावर आपल्या अभियंत्याची सही झाल्यावर द्या.

आपले स्नेहांकित,
आराखडा, प्रकाश, हवा, ध्वनी आणि वायरिंगची कामं करणारे आम्ही काही जण